जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट कसं टाकायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून नेर परसोपंतच्या माझ्या दुकानात पासबुकाच्या झेरॉक्सपेक्षा लॅपटॉपच जास्त येऊन पडायला लागले. कोणाच्या पोरीला बारावीनंतर घेऊन दिलेला, कोणी गुरुजींनी निवडणुकीच्या कामाला वापरलेला, कृषी केंद्रवाल्या भाऊंचा बिलं काढायचा. मागणी एकच असते, "ताई, याच्यात अकरा टाकून द्या ना जी."

अकरा जाते की नाही, ते झाकण उघडल्या उघडल्या कळतं. हाताशी जे प्रोसेसरचं स्टिकर असतं, ते वाचा. आय-थ्री ५००५यू लिहिलं असेल तर पहिला आकडा ५, म्हणजे पाचवी पिढी. ८२५०यू म्हणजे आठवी. आकडा पाच अंकी असेल, जसं १०२१०यू, तर पहिले दोन अंक धरायचे, म्हणजे दहावी. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचीच मशीन विंडोज ११ च्या यादीत आहेत. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. स्टिकर घासून गेलं असेल तर 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा, तिथे प्रोसेसरचं नाव दिसतं.

रुफस नावाचा छोटा प्रोग्राम ही अट वगळून अकरा बसवून देतो, हे मला माहीत आहे. तरी मी ते करत नाही. ४ जीबी रॅम आणि फिरत्या हार्ड डिस्कवर अकरा सुरू व्हायलाच चहा होऊन जातो, आणि अशा मशीनला पुढे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यांना दहा सोडायचंच नाही, त्यांच्यासाठी कंपनीने घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय ठेवली होती, पण तो फक्त वाढवून दिलेला वेळ. बाकीच्यांना मी लिनक्स मिंट टाकून देते, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि खालचा पट्टा, कोपऱ्यातला मेनू पाहून लोक बिचकत नाहीत.

पण हो म्हणायच्या आधी मी विचारते, उद्या सकाळी याच्यावर काय करायचं आहे? सगळा निर्णय या उत्तरावर होतो. सातबारा पाहणं, महाडीबीटीचा फॉर्म, बँक, यूट्यूब, शाळेचे अहवाल, निकालपत्रक, हे सगळं ब्राउझरमध्ये किंवा लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्राममध्ये होतं, मग खुशाल बदला. टॅली लिनक्ससाठी येत नाही. अंगठ्याच्या मशीनचा आरडी सर्व्हिस प्रोग्राम विंडोज आणि अँड्रॉइडवरच धड चालतो. डिजिटल सहीचा डोंगल लावून ग्रामपंचायतीचं काम करायचं असेल तर ड्रायव्हरपासून भांडण सुरू होतं. सरकारी टायपिंग परीक्षेचा सराव करणारी पोट्टी असेल तर तिला परीक्षेत जे दिसणार तेच घरी हवं. अशांना मी सरळ सांगते, तुमचा लॅपटॉप आहे तसाच राहू द्या, नाहीतर विंडोजच्या शेजारी मिंट टाकू. गावात उगाच "ताईनं मशीन बिघडवली" व्हायला नको.

आधी पाना आणि ब्रश

सॉफ्टवेअर बदलून जुनं मशीन धावेल असं नाही. आपल्याकडे कापूस घरात येतो, तुरीचा भुसा उडतो, आणि लॅपटॉप त्याच खोलीत पलंगावर गादीवर चालतो. मागचं झाकण काढून पंख्याच्या जाळीजवळ पाहिलं की करड्या रंगाची घट्ट वात निघते, दिव्यात लावता येईल इतकी पिळलेली. पंखा बोटाने धरून ठेवायचा आणि मग ब्लोअर मारायचा. नुसता ब्लोअर मारला तर पाती भन्नाट फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावा, पातळ थर पुरतो. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी इन्स्टॉल करायला बसू नका, गरम होऊन मशीन मध्येच बंद पडतं. आणि कूलरच्या तोंडासमोर तर लॅपटॉप ठेवूच नका, त्या हवेत पाणी असतं.

खिशात थोडे पैसे असतील तर सगळ्यात आधी एसएसडी घ्या, म्हणजे न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क. अडीच इंची सॅटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी, घरगुती कामाला भरपूर झाली. रॅम ४ वरून ८ करण्यापेक्षा या एका बदलाचा फरक मोठा असतो. सुरू व्हायला मिनिटं लागायची ते सेकंदांवर येतं. जुन्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असतेच आणि ती कोणी वापरत नाही. ती काढून तिथे 'कॅडी' नावाची पत्र्याची चौकट बसते, तिच्यात जुनी हार्ड डिस्क जाते आणि मुख्य जागी एसएसडी. कॅडी घेताना जाडी मोजून जा, ९.५ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन येतात, आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

यात एक छुपा फायदा आहे. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क मशीनमध्ये लावूच नका, बाहेर टेबलावर ठेवा. मिंट एसएसडीवर टाकून झालं, सगळं सुरळीत चाललं, की मगच तिला कॅडीत घाला. तिच्यावरच्या फायलींना धक्का लागायचा प्रश्नच येत नाही.

डी ड्राइव्हही पुसली जाते

एसएसडी घ्यायची नसेल तर हा भाग दोनदा वाचा. "सी फॉरमॅट करा ताई, माझं सगळं डी मध्ये आहे, डी ले तं काही नाही होत ना?" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता भिंतीवर लिहून लावलं. सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' निवडलं की सी, डी, ई आणि कंपनीने दिलेला रिकव्हरीचा भाग, सगळं एकसाथ जातं.

म्हणून आधी सगळं बाहेर काढायचं. कागदावर यादी करा आणि मालकाला शेजारी बसवूनच करा, कारण काय महत्त्वाचं ते त्यालाच माहीत असतं. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन फोल्डर लोक विसरतात, आणि पीकविम्याची पावती, आधारची पीडीएफ, पोरीचं जात प्रमाणपत्र नेमकं तिथेच पडलेलं असतं. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड एक्सपोर्ट करा किंवा वहीत उतरवा. जुनी मराठी पत्रं शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर फॉन्टच्या फायलीही उचला, नाहीतर मिंटमध्ये ती पत्रं निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी दिसतील. बाहेर काढलेलं दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. फाइलचं नाव दिसलं म्हणजे फाइल आली असं नसतं.

आठवडी बाजारात स्वस्तात मिळणारा भल्यामोठ्या जीबीचा पेनड्राइव्ह या कामाला वापरू नका. असल्या ड्राइव्हवर छापलेली जागा आणि आतली जागा यांचा मेळ नसतो, आणि ते कळतं फायली गेल्यावरच.

डाउनलोड आणि पेनड्राइव्ह

मिंटच्या तीन आवृत्त्या आहेत, सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. जुन्या लॅपटॉपला एक्सएफसीई घ्या, ती सगळ्यात हलकी. सध्याची २२ ची मालिका जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. चालायला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते असं ते लोक सांगतात; माझ्या मते ४ जीबीखाली ब्राउझर उघडला की जीव जातो.

फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. रोजचा दीड जीबीचा रिचार्ज असेल तर एका दिवसात उतरत नाही, आणि ब्राउझरने उतरवताना टॉवर गेला की कधीकधी पहिल्यापासून सुरुवात. मिंटच्या साइटवर टॉरंटची लिंकही असते, ती घ्या. आज अर्धी, उद्या अर्धी, जिथे थांबली तिथून पुढे चालते आणि प्रत्येक तुकडा तपासूनच घेते, त्यामुळे फाइल खराब उतरली का ही शंका राहत नाही. तालुक्याला कोणाकडे फायबर असेल तर पेनड्राइव्ह घेऊन तिकडे गेलेलं सगळ्यात बरं.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा चालतो, त्यातलं सगळं पुसलं जाईल. विंडोजवर रुफस उघडा, पेनड्राइव्ह निवडा, उतरवलेली आयएसओ फाइल दाखवा. 'पार्टिशन स्कीम'ला साधारण २०१२ च्या आधीचा लॅपटॉप असेल तर एमबीआर, नंतरचा असेल तर जीपीटी. स्टार्ट दाबल्यावर आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारतं, आयएसओ मोडच राहू द्या. नुसती फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून मशीन सुरू होत नाही. हे सांगायचं कारण असे पेनड्राइव्ह माझ्याकडे नेहमी येतात.

घरात दुसरा कॉम्प्युटरच नसेल आणि आहे तो सुरू होत नसेल, तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर एचड्रॉइड नावाचं मोफत अॅप आहे. ओटीजी लावून फोनमधूनच पेनड्राइव्ह तयार होतो.

लाइन पाहून बसा

जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच असते, चार्जर काढला की स्क्रीन काळी. इन्स्टॉल अर्ध्यावर असताना लाइन गेली तर मशीन ना विंडोजचं राहतं ना मिंटचं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा. इन्व्हर्टर नसेल तर तुमच्या फीडरचं भारनियमन कोणत्या वेळेला असतं ते तुम्हाला पाठच असेल, त्याप्रमाणे बसा. रब्बीत हरभऱ्या-गव्हाच्या पाण्याला मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली-वर होतं, त्या दिवसांत मी दुकानात सकाळी लवकर हे काम उरकते.

आता पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करा आणि कंपनीचं चिन्ह दिसायच्या आधीच बटण टपटप दाबत राहा. डेलला एफ १२. एचपीला एस्केप आणि मग एफ ९. आसुसला एस्केप. लेनोवोला एफ १२, किंवा आयडियापॅड असेल तर कडेला एक बारीक भोक असतं, त्यात पिन टोचली की मेनू येतो. एसरला एफ १२ दाबून काही होत नाही असं वाटतं. आधी एफ २ ने बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन 'एफ १२ बूट मेनू' चालू करावं लागतं. तिथेच तारीख पाहून घ्या. २०१२ किंवा असंच काही दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. बहुतेक ठिकाणी तो सीआर २०३२ असतो, काही लॅपटॉपला वायर लावलेला येतो. तारीख चुकीची राहिली तर बँकेची साइट उघडत नाही, अपडेट होत नाही, आणि दोष बिचाऱ्या मिंटला लागतो.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की लगेच 'इन्स्टॉल'वर जाऊ नका. हे नुसतं पेनड्राइव्हवरून चाललेलं आहे, डिस्कला अजून हात लागलेला नाही. वायफाय जोडून पाहा, गाणं लावा, कॅमेरा उघडा, टचपॅडवर दोन बोटं फिरवा, उजेड कमी-जास्त करा. झाकण लावून परत उघडा, मशीन झोपून उठतं का पाहा. मेनूत 'डिस्क्स' नावाचं अॅप आहे, त्यात हार्ड डिस्कच्या तब्येतीची 'स्मार्ट' नावाची माहिती दिसते. 'रीअलोकेटेड सेक्टर'च्या ओळीत शून्याऐवजी मोठा आकडा असेल तर ती डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे, तिच्यावर नवीन काही टाकण्यात अर्थ नाही.

वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका. काही जुन्या ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन यूएसबी वायरने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, नेट लगेच येतं. त्याच नेटवर नंतर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून वायफायचा ड्रायव्हर घ्यायचा. असं मशीन असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलेलं सोपं जातं.

इन्स्टॉल हा सगळ्यात छोटा भाग. भाषेच्या यादीत मराठी आहे, पण मी मेनू इंग्रजीच ठेवते, म्हणजे अडलं तर यूट्यूबवर पाहून माणसाला तेच शब्द सापडतात. कीबोर्ड इंग्लिश यूएस. 'मल्टिमीडिया कोडेक्स'च्या चौकोनात टिक करा, नाहीतर लग्नाचे व्हिडिओ चालणार नाहीत. मग येतं, डिस्कचं काय करायचं. पूर्ण मिंट हवं तर 'इरेज डिस्क'. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर 'इन्स्टॉल अलाँगसाइड', पण त्याआधी विंडोजमध्ये दोन कामं करून या. कंट्रोल पॅनलमधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर मिंटमधून विंडोजच्या फायलींवर काही लिहिता येत नाही. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या आणि ते बंद करा. टाइमझोनला कोलकाता दिसेल, तेच आपलं. नाव, पासवर्ड. पासवर्ड मालकाच्या हातानेच टाइप करून घ्या आणि त्याच्याच डायरीत लिहू द्या. लॉगिनला पासवर्ड नको म्हणाले तरी काही नवीन टाकताना, अपडेट करताना तो लागतोच. नंतर पट्टी सरकत राहते, एसएसडीवर लवकर, जुन्या डिस्कवर बराच वेळ. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा म्हणतं.

घरी न्यायच्या आधी

पहिलं अपडेट काही शे एमबीचं असतं, ते दुकानातल्या नेटवरच करून द्या, बिचाऱ्याचा दिवसाचा रिचार्ज त्यात जायला नको. 'टाइमशिफ्ट' उघडून एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. काही बिघडलं तर मशीन त्या दिवसासारखं करता येतं. त्यात सिस्टिम परत येते, फोटो नाही, हे मालकाला सांगा.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये इंडियनच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे. इंग्रजी अक्षरांनी 'नमस्कार' टाइप करून मराठी उमटवायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज घ्या, त्यात मराठीची फोनेटिक पद्धत मिळते. जुने फॉन्ट दोनदा क्लिक करून बसतात.

प्रिंटर मात्र दुकानात बोलावूनच तपासा. एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर एचपीच्या लिनक्स प्रोग्रामचं प्लगइन एकदा उतरवावं लागतं, मग चालतो. कॅनन एलबीपी २९०० जिकडेतिकडे दिसतो, त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं जिकिरीचं काम आहे. ज्याचं पोट त्याच प्रिंटरवर आहे, त्याचं विंडोज मी काढत नाही.

राहिला अगदी जुना माल. कोअर टू ड्युओचं मशीन ६४-बिट असतं, ४ जीबी रॅम आणि एसएसडी दिली तर मिंट एक्सएफसीई चालवतं. पण सुरुवातीच्या अॅटम प्रोसेसरचे ते छोटे नेटबुक बरेचसे ३२-बिट आहेत, त्यांच्यावर मिंट २२ सुरूच होत नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केला. अशा मशीनवर अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स जातं, पण त्याच्यावर आजच्या बँकेच्या साइट उघडत बसणं म्हणजे छळ आहे. पोराला टायपिंग शिकवायला, जुनी गाणी ऐकायला ठीक. कोणी असा नेटबुक घेऊन आलं की मी दोन्ही गोष्टी सांगते आणि पैसे घ्यायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून दाखवते. पाहून माणूस स्वतःच ठरवतो, ठेवायचा की भंगारवाल्याला द्यायचा. द्यायचा ठरला तर हार्ड डिस्क तेवढी काढून घ्या.